फुमलाने नोकरी सोडली नव्हती

फुमला स्केयीला कामावरून काढलं तेव्हा तिच्या हातात ऑपरेशन थिएटरची हिरवी चादर होती. शुक्रवार होता, दुपारचे साडेतीन वाजलेले. कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा तिने निरोप पाठवला, की एवढी घडी पुरी करते आणि येते. अर्धवट घडी टाकून उठणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरात, बंदराजवळच्या त्या लाँड्रीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. दोन इस्पितळांचे आणि समुद्रकाठच्या बऱ्याच हॉटेलांचे कपडे तिथे येत. गेली अकरा वर्षं इस्त्री विभाग तिच्याकडे होता. ती बेले कुळातली, म्हणून लहानथोर सगळे तिला मामबेले म्हणत. फुमला म्हणून हाक मारणारा एक मालकच, मिस्टर हार्टविग.

हार्टविगने तिला बसायला सांगितलं. एरवी तो कुणाला बसायला सांगत नसे, त्यामुळे ती उभीच राहिली. परदेशातून मागवलेलं नवं मशीन आलं आहे, एका बाजूने ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूने वाळून, घडी होऊनच बाहेर पडते, आणि सोमवारपासून इस्त्री विभागातल्या आठही जणींची गरज उरलेली नाही, असं त्याने सांगितलं. कागदपत्रं तो मागाहून करणार होता.

"तुझ्या कामात काही खोट नव्हती, फुमला," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि बाहेर आली.

मग बाकीच्या सातजणींना एकेक करून आत बोलावलं गेलं. कुणी रडली, कुणी दार आपटलं. फुमलाने टेबलावर उरलेल्या चादरींच्या घड्या संपवल्या, आपला कप आणि एप्रन पिशवीत टाकला आणि मागच्या दाराने निघाली. तिथे गाडीवरचा ड्रायव्हर लुलामा गाठोडी चढवत होता. कचेरीची खिडकी त्याच बाजूला उघडते. तिला पाहून त्याने डोक्यावरची टोपी काढली. ते तिला मुळीच आवडलं नाही. टोपी मयतासाठी काढतात.

शहराबाहेरच्या म्दांतसाने वस्तीत शेअर टॅक्सीतून उतरून ती आपल्या गल्लीत शिरली, तर लुलामाचीच बायको बुलेल्वा फाटकाशी उभी. आज इतक्या लवकर कशी, असं तिने सहज विचारलं. फुमलाने काहीही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"सोडलं मी ते काम, बुलेल्वा. एकोणीस वर्षं पुष्कळ झाली."

बुलेल्वाने डोळे मोठे केले, मग हसली, आणि म्हणाली, तुझी तर बाई कमालच आहे.

फुमलाचा नवरा सिंडिले मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. लोक वाईट नव्हते. जाता-येता थांबत, हळू आवाजात चौकशी करत, कुणी कोबी देऊन जाई, कुणी पिठाची पिशवी. त्या हळू आवाजानेच तो माणूस आतून पोखरला गेला. तिसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला तेव्हाही लोक त्याच आवाजात बोलत होते. आपल्याशी कुणी त्या आवाजात बोलू नये, एवढंच फुमलाला हवं होतं. म्हणून ती बुलेल्वाशी खोटं बोलली, आणि रात्री मुलगी सिफोकाझी सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या कामाहून परतली तेव्हा तिच्याशीही तेच बोलली.

पण खोटं एका घरापुरतं राहिलं नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी चर्चमध्ये बायकांच्या मंडळाची प्रार्थना होती. सगळ्याजणी लाल जाकीट, पांढरी कॉलर, पांढरी टोपी घालून बसलेल्या. मंडळाच्या अध्यक्षा मामजोला शहात्तर वर्षांच्या होत्या, पण त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. त्यांनी फुमलाला उभं केलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपल्या बायकांना मालक लोक बखोटीला धरून बाहेर काढतात," त्या म्हणाल्या. "ही आपल्या पायांनी बाहेर आली. देवा, हिच्या पायांना बळ दे."

मग सगळ्या उठून गायला लागल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. फुमला मान खाली घालून उभी राहिली. बायकांना वाटलं, किती नम्र आहे.

पहिले काही दिवस तिने घर घासूनपुसून काढलं. पडदे धुतले, शेजारणीचे पडदे धुतले. मग काम शोधायला निघाली. दोन हॉटेलांनी सांगितलं की कपडे बाहेर धुवायला देतो, आणि कुठे देतो ते सांगितलं तेव्हा तिला हसू आलं, कारण ती तिचीच लाँड्री होती. दीड महिना असा गेला. घरात साखर संपली की चहा बिनसाखरेचा होऊ लागला, आणि फुमला म्हणू लागली की डॉक्टरने साखर कमी करायला सांगितलं आहे.

सिफोकाझी सव्वीस वर्षांची होती आणि बापाचं घरी बसणं तिने पाहिलेलं होतं. एका रविवारी तिने आईच्या पगाराच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दर महिन्याला पगारातून एक टक्का सरकारच्या बेकारी निधीत जात होता.

"आई, मला एकच सांग," ती म्हणाली. "तू सोडलंस, की तुला काढलं? सोडलं असशील तर हे पैसे मिळत नाहीत. काढलं असेल तर मिळतात. मी कुणाला बोलणार नाही."

फुमलाने सगळ्या चिठ्ठ्या नीट लावल्या. मग म्हणाली, "काढलं."

"मग उद्या कामगार कार्यालयात जा."

"तिथे लोक हात पसरून उभे असतात, सिफो. तुझे वडील तिथे कधी गेले नाहीत, मीही जाणार नाही."

"बाबा तिथे गेले असते तर घरात दोन वेळची चूल तरी पेटली असती," सिफोकाझी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "एकोणीस वर्षं तू हे भरलंस. आजारी असताना कामावर गेलीस तेव्हाही भरलंस. स्वतःचं ठेवलेलं मागायला जायचं तर त्यात कसला आलाय हात पसरणं?"

सोमवारी पहाटे फुमलाने चांगला कोट घातला, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि शहरातल्या कामगार कार्यालयाबाहेरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी ओळखीचं दिसलं तर पोस्टात आले होते म्हणून सांगायचं, हे ठरलेलं होतं. रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या रस्त्यापर्यंत गेली होती. गवंडी होते, दुकानातल्या मुली होत्या, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा होता. त्या शर्टाची कॉलर कुणीतरी फार चांगली बसवली होती. कुणीही हात पसरलेला नव्हता. सगळ्यांच्या हातात कागद होते.

अकरा वाजता ती खिडकीशी पोचली. पलीकडे मिस ऑगस्ट नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, चष्म्याला साखळी. त्यांनी तिचं हिरवं ओळखपुस्तक घेतलं, आकडा संगणकात घातला आणि पडद्याकडे पाहत राहिल्या.

"मिसेस स्केयी, तुमची वर्षं भरपूर आहेत. पण मालकाने कारणाच्या रकान्यात राजीनामा लिहिलंय. स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही."

फुमलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. तिथे तेच लिहिलं होतं. जे ती बुलेल्वाला म्हणाली होती, जे चर्चमध्ये गायलं गेलं होतं, ते आता सरकारच्या संगणकात होतं.

कधीकधी कारकुनाच्या हातून चूक होते, मिस ऑगस्ट म्हणाल्या. आधी मालकाला भेटा, त्याने दुरुस्ती पाठवली तर काही अडचण नाही.

ती तशीच लाँड्रीत गेली. हार्टविगने या वेळीही तिला बसायला सांगितलं आणि या वेळीही ती बसली नाही. चूक वगैरे काही नाही, असं तो म्हणाला.

"मला तर कळलं की तूच सोडलंस. तुझ्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. चर्चमध्ये तुझ्यासाठी गाणी झाली म्हणे. लुलामाने सांगितलं." तो खुर्चीत मागे रेलला. "मी काही मनाचं लिहिलं नाही, फुमला. तुझंच वाक्य लिहिलं."

काढलेल्या माणसाला दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो आणि सोडून गेलेल्याला काहीच द्यावा लागत नाही, हे फुमलाला माहीत होतं. हार्टविगलाही माहीत होतं. तिने वाद घातला नाही. काचेपलीकडे नवं मशीन चालू होतं आणि घड्या घातलेल्या चादरी एकावर एक पडत होत्या. दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यावर तिने जाता जाता हात ठेवला.

"या दमट आहेत," ती म्हणाली. "बांधून ठेवल्या तर उद्यापर्यंत वास मारतील."

हार्टविगने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिस ऑगस्टच्या खिडकीशी होती. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि तीन आठवड्यांनंतरची सुनावणीची तारीख दिली. मालकालाही बोलावलं जाईल. तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"सगळं मंडळ आहे," फुमला म्हणाली. "पण त्या सगळ्या शपथेवर सांगतील की मी काम सोडलं."

मिस ऑगस्टनी चष्मा काढला. मागे रांग होती, तरी त्यांनी तिला सगळं सांगू दिलं. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "मग तुम्हाला इथे येण्याआधी तिकडे जाऊन यावं लागेल."

गुरुवारी फुमलाने लाल जाकिटाला दोनदा इस्त्री केली. चर्चमध्ये प्रार्थनेच्या मध्यावर ज्यांना काही सांगायचं असेल त्या उठून सांगतात. कुणी आजार सांगतं, कुणी मुलाचं वागणं. दोघी बोलून झाल्या आणि फुमला उठली. तिने घरी आरशासमोर वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की मी नोकरी सोडली," ती म्हणाली. "मी सोडली नाही. मला काढलं. नवं मशीन आणलं आणि आम्हा आठजणींना काढलं. तुम्ही माझ्यासाठी गायलात आणि मी गप्प राहिले."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज आत येत होता.

"म्हणजे मी देवापुढे उभं राहून खोटं बोलले," मामजोला म्हणाल्या.

"हो. मी तुम्हाला बोलायला लावलं."

मामजोला खाली बसल्या. त्या दिवशी गाणं कुणी सुरू केलं नाही. बुलेल्वा दुसऱ्या रांगेत होती, ती फरशीकडे पाहत होती. परतताना एरवी चार-पाचजणी बरोबर असायच्या. आज फुमला एकटीच चालत घरी आली. घरी येऊन तिने मक्याचा भरडा आणि घेवड्याचे दाणे शिजत टाकले, दोन तास चुलीशी बसली, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा दुसरा वाडगा वाढून घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामजोला काठी टेकत फाटकाशी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"तू मला मान खाली घालायला लावलीस," त्या म्हणाल्या. "त्याचा मला राग आहे आणि तो काही दिवस राहणार. तो माझा मी बघेन. पण एक सांग. तुला काढलं म्हणून तू लहान झालीस, हे तुला कुणी सांगितलं? आमच्यापैकी कुणी?"

"कुणी नाही, मामजोला."

"मग आमच्याबद्दल असं का समजलीस तू?"

फुमलाने सिंडिलेबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मामजोलांनी मान हलवली. सिंडिलेच्या मयताला त्यांनीच प्रार्थना केली होती.

"सुनावणी कधी आहे?" त्यांनी विचारलं, तारीख दोनदा म्हणून घेतली आणि काठी टेकत परत गेल्या.

खरी गोष्ट खोट्यापेक्षा जोरात पसरली. रविवारपर्यंत लाँड्रीतल्या दोघी फुमलाच्या दारात आल्या. एकीने घरी सांगितलं होतं की मशीनची दुरुस्ती चालू आहे म्हणून काम अर्धा दिवस आहे. ती रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होती आणि तळ्याकाठच्या बाकावर बसून तो डबा खात होती. तिच्या नवऱ्याला अजून पत्ता नव्हता. दुसरी म्हणाली, चर्चमध्ये उभं राहून मामबेले सांगू शकते, तर मी माझ्या सासूला सांगू शकते. दोघींनी मिळून बाकीच्या पाचजणींना गाठलं. सगळ्या मिस ऑगस्टच्या खिडकीशी जाऊन आल्या. आठही जणींच्या नावापुढे एकच शब्द होता, राजीनामा.

सुनावणीच्या दोन दिवस आधी बुलेल्वा आली. हार्टविगने लुलामाकडून कागद लिहून घेतला होता, की मामबेलेने आपण होऊन काम सोडल्याचं गल्लीत सांगितलं. बुलेल्वाला ते त्याच दिवशी कळलं होतं आणि तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं होतं.

"त्याने लिहिलं ते खरंच आहे," फुमला म्हणाली. "मी तुलाच सांगितलं होतं, याच रस्त्यावर. तुमच्या घरात तीन मुलं आहेत. त्याला छळू नकोस. मी माझं बघते."

बुलेल्वा रडायला लागली, तेव्हा फुमलाने तिला आत नेऊन बिनसाखरेचा चहा दिला आणि या वेळी डॉक्टरचं कारण सांगितलं नाही.

सुनावणी मंगळवारी होती. मंगळवारी मंडळाची जाकिटं कपाटात असतात, पण कामगार कार्यालयाच्या त्या लहान खोलीत मामजोला लाल जाकीट आणि पांढरी टोपी घालून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मागच्या भिंतीला लागून लाँड्रीतल्या बाकीच्या सातजणी. समोर मिस ऑगस्ट, एका बाजूला हार्टविग आणि त्याच्या शेजारी मांडीवर टोपी घेतलेला लुलामा. फुमलाने आज टोपी घातली नव्हती. केस नीट बांधले होते आणि चेहरा सगळ्यांना दिसत होता.

मिस ऑगस्टनी लुलामाचा कागद वाचून दाखवला आणि फुमलाला विचारलं, तुम्ही असं म्हणालात का?

"म्हणाले," फुमला म्हणाली. "शेजारणीला म्हणाले, चर्चमध्ये म्हणवून घेतलं, पोटच्या मुलीलाही म्हणाले. ते खोटं होतं. मला काढलंय हे सांगायची लाज वाटत होती. आता वाटत नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून गेलेली एकही चादर इस्पितळाने परत पाठवली नाही. तरी मला कामावरून काढलं. असं झालं, आणि हेच लिहिलं जावं म्हणून मी आलेय."

हार्टविगला काय म्हणायचं आहे, असं मिस ऑगस्टनी विचारलं. तो म्हणाला, माणसं बोलतात एक आणि पैसे मिळतात असं दिसलं की बोलतात दुसरं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग राजीनाम्याचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं, तोंडी झालं होतं.

"आठही जणींचं तोंडी?"

"हो."

"एकाच शुक्रवारी?"

"हो."

"आणि मशीन सोमवारी सुरू झालं."

"तो योगायोग," हार्टविग म्हणाला.

मिस ऑगस्टनी योगायोग हा शब्द सावकाश, एकेक अक्षर काढत कागदावर लिहिला. मागे कुणीतरी खोकलं. मग त्या लुलामाकडे वळल्या. त्याने लिहिलं होतं ते ऐकीव होतं. डोळ्यांनी किंवा कानांनी त्या दिवशी काही कळलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

लुलामाने टोपी दोन्ही हातांत धरली. आधी हार्टविगकडे पाहिलं, मग मामजोलांकडे. फुमलाकडे मात्र पाहिलं नाही. फुमलाला त्या क्षणी वाटलं की याने नाही म्हणावं आणि सुटावं. तिला त्याची मुलं नावानिशी माहीत होती.

"कचेरीची खिडकी उघडी होती," लुलामा म्हणाला. "मी गाठोडी चढवत होतो. साहेब म्हणाले, सोमवारपासून तुमची गरज नाही. आठ वेळा म्हणाले. शेवटी मलाच पाठ झालं होतं."

हार्टविग त्याच्याकडे वळून काही बोलणार होता. मिस ऑगस्टनी पेन उचलून त्याला थांबवलं आणि पुन्हा विचारलं, आठ वेळा? लुलामा म्हणाला, हो, आठ. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "पहिली मामबेले होती. ती बाहेर येऊन राहिलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. काम सोडून जाणारं माणूस असं करत नाही."

निकाल दहा दिवसांनी आला. कारणाच्या रकान्यातला शब्द आठही नावांपुढे बदलला गेला आणि वर्षामागे एका आठवड्याचा पगारही हार्टविगला द्यावा लागला. लुलामाच्या रविवारच्या, जादा पैशांच्या फेऱ्या त्याने काढून घेतल्या. कामावरून काढलं नाही; काढलं असतं तर कारण काय लिहायचं, हा प्रश्न होता. मामजोलांचा राग बरोबर पाच गुरुवार टिकला. सहाव्या गुरुवारी त्यांनी फुमलाला आपल्या शेजारी बसायला सांगितलं आणि गाण्याचं पुस्तक तिच्यासमोर सरकवलं.

भत्ता चालू ठेवायचा तर दर महिन्याला कार्यालयात सही करायला जावं लागे. फुमला जायची. एकदा रांगेत मागून सिफोकाझीच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, कुठल्याशा कागदासाठी, आणि तिला पाहून चमकल्या. त्यांनी जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, तुम्ही इथे कशा?

"मला कामावरून काढलं, बाई," फुमला नेहमीच्या आवाजात म्हणाली. "निधीत माझे पैसे आहेत, ते घ्यायला आलेय."

पुढचा गवंडी वळून हसला आणि म्हणाला, माझेपण आहेत. मग मुख्याध्यापिकांनी आपला आवाज मोठा केला आणि सिफोकाझी कशी आहे ते विचारलं.

भत्त्याच्या पाचव्या महिन्यात समुद्राकडच्या टेकडीवरच्या एका वृद्धाश्रमात तिला काम मिळालं. चाळीस म्हाताऱ्यांचे कपडे आणि चादरी, हाताखाली दोन बायका, पगार आधीच्यापेक्षा थोडा कमी. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आदल्या शुक्रवारी ती मिस ऑगस्टच्या खिडकीशी गेली आणि भत्ता बंद करा म्हणाली.

मिस ऑगस्टनी तिचं पान उघडलं. या खिडकीवर भत्ता सुरू करायला लोक येतात, त्या म्हणाल्या. बंद करायला आपण होऊन येणारी तुम्ही या वर्षातली पहिलीच. बहुतेक वेळा आम्हालाच शोधून काढावं लागतं. "आणि तुमच्या भत्त्याचे अजून सात महिने शिल्लक आहेत, मिसेस स्केयी."

"असू द्या तिथेच," फुमला म्हणाली. "मी काम करतेय तोवर मला नकोत. पुन्हा कधी वेळ आली तर येईन. माझेच आहेत."

मिस ऑगस्टनी कागद पुढे केला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, एक रकानाही न सोडता. मग आपलं पूर्ण नाव लिहून सही केली आणि टॅक्सी चुकू नये म्हणून झपझप निघाली.